परत घेतलेलं वाक्य

शोभा सिस्टर गावात शिरल्या की बाया आधी लेकरांची नाकं पुसायच्या आणि मग स्वतःचा पदर सावरायच्या. नाक पुसलेलं नसलं तर काय ऐकावं लागेल, हे सगळ्यांना पाठ होतं. आर्णीहून दहाएक किलोमीटरवरच्या उपकेंद्रात त्या नर्स होत्या. ते गाव, शेजारच्या दोन वस्त्या आणि डोंगरसिंग नाईकाचा बंजारा तांडा असा त्यांचा टापू. या टापूत लशीवाचून राहिलेलं मूल शोधायला गेलं तर सापडत नसे. सिस्टरांच्या कामात खोट काढायला जागाच नव्हती. तक्रार होती ती फक्त त्यांच्या तोंडाची. सुई परवडली, पण सिस्टरचं बोलणं नको, असं बाया आपसात म्हणत.

शोभा मोहरील मूळच्या यवतमाळच्या. वडील कचेरीत मोठे बाबू, दोन्ही काका शिक्षक, भाऊ पुढे इंजिनिअर झाला. शोभाने डॉक्टर व्हायचं असं घरात ठरलं होतं. मार्क थोडे कमी पडले आणि ते हुकलं. वडील रागावले नाहीत. फक्त त्यानंतर कोणी विचारलं की ते सांगत, "शोभा आरोग्य खात्यात आहे." नर्स हा शब्द त्या घरात कोणी उच्चारला नाही. शोभाने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं, की यापुढे आपल्यात कोणाला उणं काढता येणार नाही. त्यासाठी ती स्वतःच स्वतःचं उणं काढू लागली, रोज, दुसऱ्या कोणाच्या आधी. वडिलांचं आजारपण लांबलं, लग्न राहिलं, बदल्या होत होत आर्णीला बिऱ्हाड झालं, तरी ती सवय गेली नाही. दिवसभरात काही चुकलं की त्या संध्याकाळी सिस्टर जेवत नसत. शेजारीण विचारायची, "आज कोणता उपास?" जो वार असेल त्याचा उपास त्या सांगून टाकायच्या.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडं अळीने खाल्ली, जी उरली त्यांना भाव नाही. गावात मोठ्या गाड्या येत, कॅमेरे येत, दोन दिवस धूळ उडे आणि मग पुन्हा शांत. नर्सच्या वाट्याला वेगळंच काही आलं होतं. घराघरातल्या बाया मजुरीला लांब लांबच्या वावरात जाऊ लागल्या. लशीच्या दिवशी लेकरं आजीपाशी आणि आई चार कोसांवर. त्यातच दोन हजार पाचच्या पावसाळ्यात सकाळची एसटी बंद झाली. प्रवासीच नाहीत, म्हणाले. सिस्टर काही दिवस फाट्यापासून पायी गेल्या. मग सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी एक जुनी मोपेड घेतली.

मोपेड गफ्फारभाईंच्या गॅरेजातली होती. आर्णीच्या बाजार समितीच्या भिंतीला लागून त्यांचं गॅरेज, मागे घर. गाडी विकताना त्यांनी विचारलं, "चालवता येते न, सिस्टर?"

"नाही."

"मंग नेसान कशी?"

असं म्हणून त्यांनीच शिकवायचं अंगावर घेतलं. कापूस यायला अजून अवकाश होता, बाजार समितीचं आवार मोकळं पडलेलं होतं. सकाळी तिथे सिस्टर साडीचा पदर खोचून गाडीवर बसत आणि गफ्फारभाई मागचं कॅरिअर धरून धावत. साठीला टेकलेला माणूस, पण दमत नसे.

"समोर पाहा. चाकाकडं नका पाहू. चाक कुठं पळून नाई चाललं."

तिसऱ्या दिवशी त्यांनी कॅरिअर सोडलं. सिस्टर थोड्या अंतरावर गेल्या, आपल्याला कोणी धरलेलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या गाडीसकट आडव्या झाल्या. गुडघा फुटला. गफ्फारभाई धावत येईपर्यंत त्या मातीत बसून बोलत होत्या.

"अक्कल नाही. एवढी मोठी घोडी झालीस, दोन चाकं सांभाळता येत नाहीत? कशाच्या लायकीची नाहीस तू. कशाच्याच नाही."

गफ्फारभाई थबकले. "कोनाले बोलून राह्यल्या?"

"मला."

"असं रोज बोलता?"

"चुकलं तर बोलायलाच पाहिजे. नाहीतर माणूस सुधारणार कसा?"

गफ्फारभाईंनी गाडी उभी केली, वाकलेला आरसा सरळ केला. मग म्हणाले, "चला, घर इथंच हाय. गुडघा धुऊन घ्या."

गफ्फारभाईंच्या बायकोचं नाव खैरुनबी. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी पाणी आणलं, हळद आणली, चहा ठेवला. सगळं केलं, पण एक शब्द बोलल्या नाहीत. सिस्टरांना ते जाणवलं. गुडघ्याला हळद लावून घेता घेता त्या उगाच म्हणाल्या, "फार त्रास देतेय मी तुमच्या घरच्यांना. मलाच मेलीला जमत नाही काही."

खैरुनबींनी हळदीची वाटी खाली ठेवली. "तुमच्या गावात माही पोरगी देल्ली हाय. माईत हाय का तुमाले?"

"कोण?"

"निलोफर. आसिमची घरवाली. वेल्डिंगचं दुकान हाय त्याचं."

"खैरुन, जाऊ दे न," गफ्फारभाई दारातून म्हणाले.

"काहून जाऊ देऊ?" त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंही नाही. "सिस्टर, तुमचा दवाखाना तिच्या घरापासून चार घरं पुढं हाय. तिले आता दुसऱ्यांदा दिवस गेले. सहावा लागला. ती एकदाही तुमच्याकडं नाई आली. काहून नाई आली, माईत हाय?"

सिस्टरांना माहीत नव्हतं. त्यांच्या नजरेतून एकही पोटुशी बाई सुटत नाही अशी त्यांची खात्री होती. निलोफरला यंदा त्यांनी दोन-तीनदा दारात पाहिलं होतं, पण ती बुरखा घेऊन झटकन आत जायची.

"पहिल्या पोराच्या टायमाले ती तुमच्याकडं आलती, वजन कराले. सात महिन्याचं पोरगं, वजन कमी भरलं. तुमी काय बोल्ल्या? सगळ्या बायांसमोर?"

आता सिस्टरांना आठवलं. वाक्य आठवलं, चेहरा नाही. असं वाक्य त्या कितीतरी जणींना बोलल्या असतील.

खैरुनबींनीच ते म्हटलं, अगदी शांतपणे, शब्दाला शब्द. "गाय वासराले चाटूनपुसून वाढवते, तुले तेवढंही जमत नाई? हे बोल्ल्या तुमी. ते पोरगं आता धावते-पडते, चांगलं हाय. पन तिच्या सासूनं ते बोलनं धरून ठेवलं. भाजीत मीठ कमी पडलं का तेच. झाडू राह्यला का तेच. नर्सबाईच म्हने, म्हंते, तुले गायीएवढी अक्कल नाई."

सिस्टरांनी मान वर करून गफ्फारभाईंना विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं? तरी शिकवायला आलात?"

गफ्फारभाई हसले, थोडे ओशाळून. "खोटं कायले बोलू? पहिल्या दिवशी मनात आलतं, हिले एकदा चांगली पाडावी. मंग आज तुमी आपूनच पडल्या. अन् सोतालेच असं बोल्ल्या, असं बोल्ल्या, का मले वाटलं, अरे, या बाईच्या घरात तं रोजच काठी चालते. बाहेर येईल तवा दुसऱ्याले लागेलच."

सिस्टर चहा न पिता उठल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळी बाजार समितीकडे फिरकल्याही नाहीत.

त्यानंतरच्या सकाळी गफ्फारभाई मोपेड घेऊन त्यांच्या दारात उभे. "शिक्षा मंग घेजा, सिस्टर, आंधी गाडी शिका. येत्या बुधवारी तांड्यावर लस हाय न? काय उपाशी पोटानं उडून जासान?"

सिस्टरांना हसू आलं नाही, पण त्या पायात चप्पल घालून निघाल्या. चार दिवसांत गाडी त्यांच्या हाताखाली आली. पडल्या आणखी दोनदा. दोन्ही वेळा तोंड उघडलं की गफ्फारभाई लांबूनच ओरडत, "कोनाले बोलून राह्यल्या?" आणि त्या गप्प बसत.

निलोफरकडे जायला मात्र त्यांनी वेळ लावला नाही. गावात गाडी घेऊन गेल्या त्याच दिवशी तिच्या घरी गेल्या. सासू शेजारी गेली होती. निलोफर अंगणात सुपात तूर पाखडत बसली होती. सिस्टरांना पाहून ती उठली नाही, आणि आतही गेली नाही.

सिस्टर तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि त्यांचा बांध फुटला. "मी फार वाईट वागले गं तुझ्याशी. मला अन्न गोड लागत नाही. माझ्यासारखीला नर्स म्हणवून घ्यायची लायकी नाही. मी लोकांची आयुष्यं..." आणि त्या पदरात तोंड घालून रडू लागल्या.

सुपाचा आवाज थांबला. निलोफरने सूप मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाली, "सिस्टर, आता मी काय करू? तुमाले पानी देऊ, का पाठीवर हात फिरवू? बोलनं मीच खाल्लं, अन् आता समजूतबी मीच काढू?"

सिस्टरांनी पदर खाली केला.

"तवाबी तुमीच बोल्ल्या," निलोफर म्हणाली, "आताबी तुमीच बोलून राह्यल्या. माहं कोनं ऐकलं?"

तिने सूप पुन्हा उचललं. सिस्टर उठल्या, गाडी ढकलत रस्त्याला लागल्या. आपण क्षमा मागायला गेलो आणि त्या पोरीवर आणखी एक ओझं टाकून आलो, एवढं त्यांना कळलं होतं. पण मग मागायची तरी कशी, हे कळत नव्हतं.

ते बुधवारी कळलं, आणि तांड्यावर कळलं.

बुधवारी लशीचा निळा डबा मोपेडच्या पुढे पायापाशी ठेवून त्या एकट्या निघाल्या. तांड्याच्या अलीकडे एक नाला लागतो. पाणी घोट्याएवढंच, पण खाली गोटे. पुढचं चाक गोट्यावरून घसरलं. सिस्टर पाण्यात, गाडी त्यांच्या पायावर आणि डबा उघडून बर्फाचे पॅक वाहत निघालेले. बाटल्या गोळा केल्या तेव्हा काही फुटल्या होत्या, काहींत गढूळ पाणी शिरलं होतं. एकही वापरण्यासारखी उरली नाही.

नाल्यात बसल्या बसल्या सगळे जुने शब्द त्यांच्या तोंडाशी आले. अक्कल नाही, लायकी नाही, घोडी. पण गाडी पायावर होती. आधी ती उचलणं भाग होतं. ती उचलली, मग डबा शोधला, मग साडी पिळली. एवढं होईपर्यंत त्या शब्दांची वेळ निघून गेली. सिस्टर तांड्याकडे निघाल्या.

तिथे लिंबाखाली बाया लेकरांना घेऊन बसल्या होत्या. वेचणीचा हंगाम नुकता सुरू झालेला. त्या लशीसाठी अर्ध्या दिवसाने कामावरून परत आल्या होत्या. सिस्टरांना वाटेत एक सोपा मार्ग सुचला होता. वरून लसच आली नाही म्हणावं, कोण विचारतं? पण ओली साडी, फुटलेलं कोपर घेऊन त्या लिंबाखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाल्यात मी पडले. माझ्या हातून डबा उघडला, लस वाया गेली. आज मिळणार नाही."

एक तरुण बाई ताडकन म्हणाली, "आमची अर्धी रोजी गेली तिचं काय?"

कुठलीही दुसरी वेळ असती तर सिस्टरांनी तिला तिच्या लेकराची नखं दाखवून गप्प केलं असतं. "गेली," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे गेली. पुढच्या वेळी कोणाची जाऊ नये म्हणून मी कधी येऊ ते सांगा."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. लालीबाई नावाची एक म्हातारी होती, हातभर पांढऱ्या बांगड्या, तांड्यात तिचा शब्द चालायचा. ती म्हणाली, "परवा ये. आमी वेचणीले जायच्या आंधी. सूर्य निघते तवा."

"येते."

झालं. एवढंच होतं ते. चूक सांगायला दोन वाक्यं लागली होती, बाकीचा वेळ पुढचं ठरवण्यात गेला होता. कोणी त्यांना नावं ठेवली नाहीत, आणि ठेवली असती तरी त्या उभ्याच राहिल्या असत्या, हे सिस्टरांना त्या लिंबाखाली जाणवलं आणि त्यांना फार नवल वाटलं.

लालीबाईने त्यांचं कोपर पाहिलं, आत गेली आणि ज्वारीची भाकर घेऊन आली. तांड्यावर तिला बाटी म्हणतात. वर मिरचीचा ठेचा. "खा."

"नको. आज मी जेवणार नाही."

"काहून? उपास हाय?"

बुधवारचा उपास सिस्टरांना पटकन सुचला नाही. "उपास नाही. माझ्या हातून काही चुकलं की मी जेवत नाही."

लालीबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने मागे वळून आपल्या बोलीत ते बायांना सांगितलं आणि सगळ्या हसत सुटल्या. मघाची चिडलेली बाईसुद्धा. लालीबाईने हसता हसता डोळे पुसले. "मंग आमी तं कवाच्या मरून गेलो असतो, बाई! खा. परवा उपाशी आली अन् पुन्हा पडली तं?"

सिस्टर खाली बसल्या आणि जेवल्या. ठेच्याने नाकाडोळ्यांतून पाणी आलं तेव्हा एका पोरीने विचारलं, "रडून राह्यल्या का?" त्या म्हणाल्या, "नाही गं, तिखट आहे." आणि ते खरं होतं.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी कारण विचारलं, त्यांनी जे झालं ते सांगितलं, आणि पुढच्या वेळी डबा पट्ट्याने बांधायला हवा हेही सांगितलं. अधिकारी दोन शब्द बोलले. सिस्टरांनी ते ऐकले आणि घरी जाऊन वरण-भात लावला.

शुक्रवारी सूर्य निघताना त्या तांड्यावर होत्या. परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी आसिमच्या घरासमोर थांबवली.

या वेळी त्या बाजेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "निलोफर, मी ऐकायला आलेय."

निलोफरने आधी त्यांना नीट निरखून पाहिलं. मग सांगितलं. त्या महिन्यात तिला सारखा ताप यायचा, दूध आटलं होतं. सासू म्हणत होती, दवाखान्यात जायची गरज नाही, सगळ्यांचीच पोरं अशी वाढतात. ती भांडून, उन्हात पोराला घेऊन आली होती. "मी तुमच्याकडं मदतीले आलती, सिस्टर. वजन कमी हाय हे मलेबी दिसत होतं. म्हनूनच तं आलती."

सिस्टर या वेळी रडल्या नाहीत. रडणं या पोरीच्या काही कामाचं नाही हे त्यांना आता ठाऊक होतं. "मी तुला विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "विचारलं नाही, बोलले. ते चुकलं. आता मी काय करू म्हणजे तुला बरं पडेल?"

निलोफरने दाराकडे मान केली. आत सासू भांडी लावत होती, आणि भांड्यांचा आवाज मघापासून बंद होता. "मले नका सांगू. तिले सांगा."

सिस्टर उठून आत गेल्या. "अम्मी, इकडे बसा. त्या वेळी मी सुनेला एक वाक्य बोलले होते. गायीचं."

"हो न, सिस्टर," सासू उत्साहाने म्हणाली, "बराबर बोल्ल्या तुमी..."

"बरोबर नव्हतं. तिला ताप होता, मी तपासलं नाही. चूक माझी होती. ते वाक्य माझं आहे आणि मी ते परत घेतेय. यापुढे ते या घरात कोणी बोलायचं नाही."

"पन तुमीच तं..."

"हो, मीच. म्हणूनच मी आलेय."

आवाज तोच होता, गावभर ज्याला बाया घाबरत तो. सासूने डोळे मिचकावले, मान हलवली आणि चहा ठेवायला उठली. निलोफर दारात उभी होती. ती हसली नाही, पण तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "बीपी पाहा माहं. दोन दिवसांपासून डोकं लय दुखून राह्यलं."

बीपी वाढलेलं होतं. पायांवर सूजही होती. सिस्टरांनी दुसऱ्याच दिवशी तिला आसिमबरोबर तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या, विश्रांती सांगितली. त्यानंतर एक दिवसाआड मोपेड त्या दारात थांबू लागली. खैरुनबींना हे कळलं तेव्हा त्यांनी गफ्फारभाईंच्या हाती सिस्टरांसाठी खिम्याचा डबा पाठवला. सिस्टर शाकाहारी, हे त्यांच्या गावीही नव्हतं. सिस्टरांनी तो शेजाऱ्यांकडे दिला आणि डबा परत करताना सांगितलंही, "भाभी, मी खात नाही, पण वास फार छान होता." खैरुनबी लाजून हसल्या आणि पुढच्या वेळी शेवयांची खीर आली.

मध्ये एकदा मात्र जुनं तोंड सुटलंच. डिसेंबरात सिस्टर तांड्याहून येत होत्या आणि रस्त्याकडेच्या वावरात त्यांना निलोफर दिसली, कमरेला ओटी बांधून कापूस वेचताना. सिस्टर गाडीवरूनच ओरडल्या, "मरायचं आहे का तुला? डोकं ठिकाणावर आहे का?" वेचणाऱ्या सगळ्या बाया सरळ झाल्या. निलोफरचा चेहरा उतरला.

सिस्टरांनी गाडी बंद केली, कापसाच्या पऱ्हाट्यांमधून तिच्यापर्यंत चालत गेल्या. "हे आत्ता बोलले ते सोड. घाबरले म्हणून ओरडले. सांग, इथे का आलीस?"

"घरात बसलं का अम्मी म्हंते, बाकीच्या नाई का वेचत पोटुशा असून?"

"बरं. अम्मींशी मी बोलते. तू गाडीवर बस, हळू नेते. आणि मघाचं?"

"सोडलं," निलोफर म्हणाली, आणि पहिल्यांदा मोकळी हसली. मग तिने मोपेडकडे पाहिलं. "पन तुमी पाडसान तं नाई न मले? अब्बा म्हंतात, तुमी लय पडता."

"हल्ली नाही पडत," सिस्टर म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी तिला खरोखरच न पाडता घरी पोहोचवलं. संध्याकाळी त्यांना आपलं ओरडणं आठवलं. चुकलंच ते. ते जागीच निस्तरलं, हेही आठवलं. त्या भाकरी थापायला बसल्या.

जानेवारीत यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात निलोफरला मुलगी झाली. बीपी शेवटी शेवटी वर गेलं होतं, डॉक्टरांनी दोन आठवडे आधीच कळा आणायच्या ठरवल्या. सिस्टर सुट्टी टाकून तिच्यासोबत गेल्या. कळांच्या मध्ये निलोफर म्हणाली, "नाई होत माह्यानं, मी कमजोर हाय," तेव्हा सिस्टरांनी तिचा हात घट्ट धरला. "सहाव्या महिन्यापासून गोळ्या घेतल्यास, सासूशी भांडलीस, माझ्याशी भांडलीस. यात कमजोर कोण होतं?" निलोफर दात आवळून हसली आणि पुढच्या कळेला जोर लावला.

मुलगी लहानखोर होती, वजन थोडं कमी. पण रडली खणखणीत. खैरुनबींनी तिला आधी सिस्टरांच्या हातात दिलं.

लोक म्हणतात तशा सिस्टर काही गोड बोलणाऱ्या झाल्या नाहीत. निवृत्त होईपर्यंत त्यांचा आवाज मोठाच राहिला, नाक न पुसलेलं लेकरू त्यांना शेवटपर्यंत खपलं नाही. पण उशिरा आलेल्या बाईला आता त्या आधी विचारत, "कुठून चालत आलीस? पाणी पी." लशीचे दिवस त्यांनी वेचणीच्या वेळा बघून ठरवायला सुरुवात केली. काही वर्षांनी दुसऱ्या नर्स त्यांचं काम बघायला येऊ लागल्या. त्या विचारत, तुमच्या टापूत बाया आपणहून कशा येतात? सिस्टर म्हणत, "आपण जाऊन विचारायचं, त्यांना कधी जमतं ते. आणि आपलं चुकलं तर सांगायचं नि पुढे व्हायचं. रडत बसायचं नाही, त्याने दुसऱ्याचं काम वाढतं."

त्या जानेवारीत निलोफरला दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवशी सिस्टर तिला पोहोचवून आर्णीकडे परतत होत्या. खरेदी जोरात सुरू होती आणि बाजार समितीच्या फाटकापासून फर्लांगभर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. रस्ता अडलेला. शेवटच्या बैलगाडीवर डोंगरसिंग नाईक कापसाच्या ढिगावर पाय पसरून बसला होता.

"सिस्टर, आज काई रस्ता नाई भेटत," तो वरून म्हणाला. "संध्याकाळ व्हईन."

एरवी सिस्टरांनी हॉर्न वाजवून रांग हलवली असती. त्यांनी मोपेड बंद करून कडेला लावली. दवाखान्यात दोन दिवसांत नीट झोप झाली नव्हती, पाय भरून आले होते. "मग वर मला थोडी जागा द्या," त्या म्हणाल्या.

डोंगरसिंग हसला, सरकला आणि वरून हात दिला. सिस्टर साडी सावरत कापसावर चढल्या. ऊन कलायला लागलं होतं. कापूस कोरडा होता, उबदार होता, आणि रांग पुढे सरकायच्या आतच त्यांना झोप लागली.